परतीचा वारा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला, की हवामानाच्या अंदाजातल्या एका वाक्याची मी वाट बघायला लागते. "दुपारपासून वारा वायव्येकडून, ताशी तीस किलोमीटर, मधूनमधून पन्नासचे झोत." ऊन, ढग, पाऊस यांचं जे काय चालायचं ते चालूच असतं. पण हे वाक्य एकदा कानावर पडलं, की दक्षिण ऑन्टॅरिओतल्या उन्हाळ्यानं गाशा गुंडाळायला घेतला, असं खुशाल समजावं. कॅलेंडरवाले शरद ऋतूची तारीख २२-२३ सप्टेंबर देतात, ती त्यांची सोय. वायव्येचा वारा आल्यावरही चार-आठ दिवस उकडतं, नाही असं नाही. पण ते पाहुण्यानं चपला घातल्यावर दारात उभं राहून मारलेल्या गप्पांसारखं! निघायचं नक्की झालेलंच असतं.

तुमच्याही घरी हे दिवस असेच येत असतील. सी. एन. ई.ची जत्रा लेबर डेला संपते, आकाशातल्या विमानांच्या कसरती थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या स्कूलबस रस्त्यावर दिसायला लागतात. रात्री पंखा बंद करावासा वाटतो, पहाटे पायाशी पडलेली गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी रात्री आत घ्यायची की आणखी आठवडाभर बाहेर ठेवायची, यावर घरात मतभेद होतात. मला विचाराल तर आपल्या घरातलं खरं थर्मामीटर म्हणजे विरजण. जुलैत पाच तासांत लागणारं दही आठ तास झाले तरी दुधासारखं हलायला लागलं, आणि भांडं ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायची वेळ आली, की ऋतू बदलला. त्याला हवामान खात्याची गरज नाही.

तरीही आपण सगळे अंदाज ऐकतो, आणि इकडच्या लोकांपेक्षा जरा जास्तच भक्तिभावानं ऐकतो. आम्ही १९८८ साली मिसिसागाला आलो, त्याच वर्षी इथल्या टीव्हीवर चोवीस तास फक्त हवामान सांगणारं चॅनेल सुरू झालं होतं. चोवीस तास हवामान! आम्हाला नवल वाटलं होतं. आपल्याकडे रेडिओवरच्या बातम्यांच्या शेवटी अर्ध्या मिनिटात हवामान उरकायचे, आणि त्यावर ऐकणारा हमखास म्हणायचा, "वेधशाळा पाऊस नाही म्हणतेय, छत्री घे." तो विनोद आम्ही इथे येताना बरोबर आणला होता. पण पहिल्याच हिवाळ्यात कळलं, की इथे अंदाज ऐकल्याशिवाय घराबाहेर पडणं शहाणपणाचं नाही. हळूहळू भाषाही अंगवळणी पडली. 'ऊन आणि ढगांचं मिश्रण' हा शब्दप्रयोग तर इतका रोजचा, की कुणी विचारलं, "कसं काय चाललंय?" तर तेच उत्तर द्यावं.

त्यातल्या टक्क्यांचा अर्थ मात्र कळायला वेळ लागतो. 'पावसाची शक्यता चाळीस टक्के' म्हणजे दिवसातला चाळीस टक्के वेळ पाऊस नव्हे, की चाळीस टक्के गावात पाऊस असंही नव्हे. त्या विभागातली कुठलीही एक जागा घ्या, तिथे मोजण्याइतका, म्हणजे निदान ०.२ मिलिमीटर पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस, एवढाच त्याचा अर्थ. किती पडेल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतं. आणि मुख्य म्हणजे अंदाज विभागाचा असतो, तुमच्या अंगणाचा नसतो. ही शेवटची गोष्ट मला शिकवली ती माझ्या सासऱ्यांनी, आणि हा लेख खरं तर त्याचसाठी लिहायला घेतला आहे.

आमचे सासरे, सगळे त्यांना अण्णा म्हणत, हे निफाडचे द्राक्षबागाईतदार. तीन एकर थॉमसन. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्याला आकाशाकडे बघण्याची सवय लावावी लागत नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली आणि कोवळ्या फुटीवर पाऊस पडला, की डावणी येते. थंडीत निफाडचा पारा इतका खाली जातो, की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पाणी सोडावं लागतं, नाहीतर मणी तडकतात. आणि माल तयार झाल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तर वर्षभराचं कर्ज तेवढं शिल्लक राहतं. त्यामुळे अण्णा २००५ च्या मे महिन्यात आमच्याकडे आले ते पंचांग आणि एक वही घेऊनच. वहीत रोजची हवा लिहायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझ्या मुलाकडून फॅरनहाइटचं सेल्सिअस करायला सांगितलं. कॅनडानं ते १९७५ सालीच केलंय, हे कळल्यावर ते इकडच्या सरकारवर खूश झाले.

सासूबाई २००३ साली गेल्या होत्या. त्या असताना दोघं एकदा येऊन गेले होते. आता अण्णा एकटे, वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू. बाग पुतण्या बघत होता. माझ्या नवऱ्याच्या मनात एकच होतं: अण्णांनी आता परत जाऊ नये. स्पॉन्सर करायचे कागद त्यानं आणूनच ठेवले होते. ते कागद मे महिन्यापासून मायक्रोवेव्हवर पडलेले होते, आणि त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं.

तो उन्हाळा दक्षिण ऑन्टॅरिओत फार तापला होता. दमट, चिकट, मुंबईची आठवण करून देणारा. अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "हा वारा कुठला?" मी म्हटलं, नैऋत्येचा. त्यांना गंमत वाटली. आपल्याकडे नैऋत्येचा वारा म्हणजे जीवन. त्याच्या वाटेकडे डोळे लावून सगळा महाराष्ट्र बसलेला असतो. इथे तोच वारा मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा वर घेऊन येतो आणि लोक हैराण होतात. इतके, की उकाडा नुसत्या तापमानात मावत नाही म्हणून कॅनडातल्या हवामानवाल्यांनी १९६५ साली 'ह्युमिडेक्स' नावाचं माप काढलं. मग ऑगस्ट सरता सरता उत्तरेकडची थंड, कोरडी हवा जोर धरते. थंड हवेची आघाडी एखाद्या पाचरीसारखी गरम हवेच्या खाली घुसते, गडगडाट होतो, तासाभरात वारा नैऋत्येकडून वायव्येकडे फिरतो आणि दुसऱ्या दिवशी आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख. लेक ऑन्टॅरिओचं पाणी मात्र अजून उन्हाळ्यातच असतं. चांगलं २४४ मीटरपर्यंत खोल आहे ते. उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. म्हणून काठावरच्या पोर्ट क्रेडिटला झाडं हिरवी असतात, तेव्हा तासाभरावरच्या कॅलेडनच्या टेकड्यांवर पहिलं हिम-दव पडून गेलेलं असतं. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथेही वाहतात. फक्त लेकवरून येणारे खारे वारे बिनमिठाचे!

जुलैच्या २६ तारखेला मुंबईत जे झालं ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी पंचवीसेक किलोमीटरवर कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. माझी नणंद कल्याणला राहते. दीड दिवस फोन लागत नव्हता. अण्णा टीव्हीसमोर बसून होते. शेवटी फोन लागला, सगळे सुखरूप आहेत हे कळलं. तेव्हा त्यांनी वही काढली आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. "गाव एक, पाऊस दोन," एवढंच म्हणाले.

महिनाही झाला नाही तोच, १९ ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी टोरांटोवर तसंच आभाळ फुटलं. शहराच्या उत्तर भागात काही ठिकाणी दोन-तीन तासांत दीडशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. लेकच्या काठाला त्या मानानं खूपच कमी. ब्लॅक क्रीकच्या पुरानं फिंच अॅव्हेन्यूचा रस्ता खालच्या मोरीसकट वाहून गेला. त्याच दिवशी फर्गसच्या बाजूला टॉर्नेडो आले. आमच्या घरी बेसमेंटच्या खिडकीशी थोडं पाणी साचलं, बाकी काही नाही. संध्याकाळी फिंचवरच्या त्या भगदाडाचं चित्र टीव्हीवर बघताना अण्णांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मग म्हणाले, "सूनबाई, वेधशाळेला हसू नये. ती तालुक्याचं सांगते. बांधावरचं ज्याचं त्यानं बघायचं."

मी त्यांना हसले नव्हते, पण वेधशाळेबद्दलचा तो जुना विनोद त्यांना मनापासून आवडत नसे हे मला तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी म्हणून लायब्ररीतून पुस्तकं आणली, तेव्हा दोन्ही गावांचं एक जुनं नातं हाती लागलं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, टोरांटोची १८४० ची. दोन्ही ठिकाणी इंग्रजांनी हवेबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही मोजणी चालवली होती. पुढे दोन्ही शहरांत विजेवरच्या ट्रामचं युग आलं आणि विजेपुढे त्या नाजूक चुंबकसुयांचं काही चालेना. मग टोरांटोची सुया-उपकरणं १८९८ साली अॅजिनकोर्टला नेली, आणि मुंबईची १९०४ च्या सुमारास अलिबागला. अॅजिनकोर्टला आज आपल्या लोकांची केवढी वस्ती आहे! "म्हणजे हे तुमचं अलिबागच की," अण्णा म्हणाले. त्यानंतर आमच्या घरात अॅजिनकोर्टला अलिबाग हेच नाव पडलं.

लेबर डे झाला. ७ सप्टेंबरला गणपती बसले. अनंत चतुर्दशीच्या नंतरच्या शनिवारी-रविवारी आम्ही अण्णांना नायगराला घेऊन गेलो. धबधबा त्यांनी पूर्वी पाहिला होता. त्यांना बघायच्या होत्या वाटेवरच्या द्राक्षबागा. बीम्सव्हिल, व्हाइनलँडच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका बागेत थांबलो. मालक आमच्याच वयाचा, डोक्याला टोपी, हाताला माती. अण्णांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, पण त्यांना भाषेची फारशी गरजच पडली नाही. त्यांनी विचारून एक पान उलटं करून बघितलं. मालक हसला; कशासाठी बघितलं ते त्याला बरोबर कळलं. डावणीची पांढरी लव पानाच्या खालच्या बाजूलाच येते, मग ते पान निफाडचं असो की नायगराचं.

पुढचा तासभर मी दुभाषी. ही बागायत इतक्या उत्तरेला जगते कशी, हे त्यानं समजावून सांगितलं. एका बाजूला लेक ऑन्टॅरिओ, दुसऱ्या बाजूला नायगराचा लांबलचक कडा. वसंतात थंड लेक कळ्यांना लवकर फुटू देत नाही, म्हणून उशिराच्या हिम-दवातून त्या वाचतात. शरदात तेच लेक उबदार असतं, आणि त्याची ऊब उतारावर खेळत राहते, म्हणून माल पिकायला आणखी काही आठवडे मिळतात. दिवसा ऊन आणि रात्री थंडावा, यानं साखर वाढते आणि आंबटपणाही टिकतो. बागेत मध्येच विमानाच्या पंख्यासारखा एक उंच पंखा उभा होता. गारठ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवा साचते आणि वर जरा ऊबदार थर राहतो; तो थर खाली ढकलायला तो पंखा. अण्णांनी आपल्या शेकोट्यांचं सांगितलं. दोघांनी एकमेकांचा खर्च विचारला आणि दोघांनीही मान हलवली.

त्या वर्षी नायगरात पीक फार कमी होतं. जानेवारीच्या कडाक्यानं बऱ्याच वेलींचे डोळे मारले होते. मालक ते अगदी सहज सांगत होता, पण सांगताना त्याचा हात एका वठलेल्या खोडावरून फिरत होता. अण्णांनी मला विचारलं, "याला विचार, मग या वर्षी काय करणार?" तो म्हणाला, जे आहे ते तोडणार आणि वसंतात पुन्हा छाटणार. परतताना गाडीत अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आज तारीख काय?" तारीख त्यांना माहीत होती. विचारण्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

निफाडला छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात.

घरी मग तो विषय निघालाच. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पुतण्या बाग बघतो आहे, फोन आहे, आता तर ई-मेलही आहे. तिकडे घरात अण्णा एकटे. रात्री-अपरात्री काही झालं तर नाशिकला न्यायला गाडी मिळेपर्यंत काय? इथे निदान आपण आहोत. अण्णांचंही चुकीचं नव्हतं. मुलं शाळेत, आम्ही दोघं कामावर, नोव्हेंबर ते मार्च दारापुढे बर्फ, आणि त्यांनी खिडकीशी बसून फर्नेसचा आवाज ऐकायचा. शिवाय तेव्हा पाहुण्यांना साधारण सहा महिनेच राहता येई, आणि आजारपणाचा खर्च सरकारी विम्यात बसत नसे. पण कागदाचा आणि पैशाचा प्रश्न सोडवता आला असता. खरा प्रश्न नवऱ्यानं एका रात्री विचारून टाकला. "अण्णा, तिकडे बाग आहे हे मान्य. मग इकडे आम्ही कोण?"

अण्णांनी त्या रात्री उत्तर दिलं नाही.

त्याच आठवड्यात अविधवा नवमी होती. सासूबाईंचं पान वाढलं, आणि घास बॅकयार्डच्या कुंपणावर ठेवला. कावळे इथे पुष्कळ आहेत, पण त्यांना आपली रीत ठाऊक नाही. अर्ध्या तासानं एक खार आली आणि वड्याचा तुकडा घेऊन गेली. अण्णा म्हणाले, "तिला खारी आवडायच्या." आम्ही सगळे हसलो. फार दिवसांनी हसलो.

मुलाच्या वर्गात त्याच सुमारास मोनार्क फुलपाखरं सोडली होती. ती पॉइंट पेलीला जमतात, लेक ईरी ओलांडायला अनुकूल, म्हणजे उत्तरेकडचा वारा मिळेपर्यंत झाडांवर लटकून राहतात, आणि मग चार हजार किलोमीटरवर मेक्सिकोला जातात. ती नेमकी जातात कुठे, हे टोरांटो विद्यापीठातल्या फ्रेड अर्कहार्ट यांना अनेक वर्षांच्या शोधानंतर आणि पुष्कळ स्वयंसेवकांच्या मदतीनं १९७५ साली कळलं. मुलानं हे सगळं आजोबांना पाठ म्हणून दाखवलं आणि शेवटी सांगितलं, की उन्हाळ्यात परत येतात ती तीच फुलपाखरं नसतात. त्यांची मुलं-नातवंडं असतात. आजोबांनी विचारलं, "मग त्यांना रस्ता कोण दाखवतं?" मुलगा म्हणाला, "कुणीच नाही. त्यांना आपोआप कळतं." अण्णांनी हे वहीत लिहून घेतलं. हवेच्या वहीत!

त्या वर्षी उकाडा रेंगाळला होता, वारा फिरायला उशीर झाला. सप्टेंबरच्या अगदी शेवटी, पंचांगात हस्त लागल्यानंतर, एका संध्याकाळी ते वाक्य आलं: वारा वायव्येकडून, तीस, झोत पन्नासचे. जेवणं झाल्यावर नवरा अंगण आवरायला बाहेर गेला, अण्णा स्वेटर चढवून त्याच्यामागे गेले. मी भांडी घासत होते, खिडकी उघडी होती. अण्णांनी कापलेल्या वाळल्या गवताची चिमूट घेतली आणि हात उंच करून सोडली. खळ्यावर उफणणीच्या वेळी वारा बघतात तशी. गवत तिरकं होऊन शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे गेलं.

"वायव्य," अण्णा म्हणाले. "आपल्याकडेही परतीची सुरुवात वायव्येकडूनच होते. पाऊस पहिला राजस्थानातून निघतो. मग खाली खाली येत आपल्याकडून ऑक्टोबरात जातो. पण जाताना दोन तडाखे देऊन जातो. ते ओळखून छाटणी धरायची असते. आठ दिवस अलीकडे धरली तर फुटीवर पाऊस, आठ दिवस पलीकडे धरली तर माल मागे. कितव्या डोळ्यावर काडी कापायची, ते काडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पुतण्या चांगला आहे. पण त्याला अजून दोन-तीन वर्षं शिकवायला हवं."

नवरा म्हणाला, "आणि तुम्हाला काही झालं तर?"

"होईलच की कधीतरी. तू रोज अंदाज ऐकतोस ना? तो मिसिसागा-ब्रॅम्प्टनचा असतो. आपल्या घराचा वेगळा कुठं सांगतात? तो ज्याचा त्यानं करायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रक्तदाब, एकटा. याचा तालुक्याचा अंदाज तू म्हणतोस तोच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या बांधावरचं मला माहीत आहे. काम आहे तोवर मी तिकडे बरा राहतो. इथे मला काम नाही. तुम्ही माझे नाही असं नाही. तुम्ही आहात म्हणून मी दर दोन वर्षांनी एवढा लांब येईन. पण मला पाऊस परतायच्या वेळी तिकडे असू दे."

नवरा काही बोलला नाही. होजपाइप गुंडाळत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानंच तिकिटाची तारीख पक्की केली, आणि मायक्रोवेव्हवरचे कागद आपण होऊन ड्रॉवरमध्ये ठेवले. सर्वपित्री अमावास्या झाली आणि अण्णा निघाले. विमानतळावर त्यांनी नातवाला वहीतली शेवटची दोन पानं फाडून दिली: मे ते ऑक्टोबर, मिसिसागाची हवा, रोजची एक ओळ.

त्यानंतर अण्णा २००७ आणि २००९ मध्ये आले. दोन्ही वेळा हस्त लागायच्या आत परत गेले. २०१२ च्या फेब्रुवारीत, बागेत माल तोडणी चालू असताना, निफाडलाच गेले. आम्हाला पोचायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस माझ्या नवऱ्याच्या मनातून अजून गेलेले नाहीत, आणि जाणारही नाहीत. इतक्या लांब राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ते दोन दिवस येतातच. पण अण्णांना रोखून धरलं नाही, याबद्दल मात्र त्यानं कधी हळहळ केली नाही. बाग आज पुतण्या बघतो. उत्तम बघतो. काडी हातात घेऊन शिकला.

आता अंदाज फार सुधारले आहेत. फोनवर तासातासाचं हवामान कळतं. दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या तीन महिन्यांचा कल जाहीर होतो: नेहमीपेक्षा उबदार, नेहमीसारखा की नेहमीपेक्षा थंड. भारतात मोसमी पावसाचा असा दूरचा अंदाज १८८६ पासून देतात, हे अण्णांनीच मला सांगितलं होतं. आपले कागदही सोपे झाले. २०११ च्या अखेरीस सुपर व्हिसा आला, आणि २०२२ पासून त्यावर आईवडिलांना एका वेळी सलग पाच वर्षंही राहता येतं. पाच हिवाळे!

त्यामुळे हल्ली मंडळाच्या गणेशोत्सवात ब्रॅम्प्टन-मिल्टनची तरुण जोडपी भेटली, की विचारतात, "काकू, आईबाबांना यंदा थंडीत ठेवून घ्यावं म्हणतो, तुम्हाला काय वाटतं?" मी त्यांना थर्मल कपडे कुठे स्वस्त मिळतात ते सांगते, खिडकीजवळच्या खुर्चीत ऊन येईल असं बघा म्हणते, जवळच्या सीनियर क्लबचं सांगते. कित्येकांचे आईवडील इथे मजेत राहतात, बर्फात चालायलाही शिकतात, आणि त्यांचं तिकडे कुणी वाट बघणारं नसतं. त्यांनी जरूर राहावं. पण एक गोष्ट मी नेहमी विचारायला सांगते. "तिकडे तुमचं काय काम राहिलंय का?" असं त्यांना एकदा सरळ विचारा, आणि उत्तर ऐकायला थोडं थांबा. कुणाची बाग असेल, कुणाचा भजनी मंडळातला पेटीचा वार असेल, कुणाची नुसती सकाळी फिरायला येणारी चार माणसं असतील. आपल्याला ते काम वाटणार नाही, पण त्यांचा अंदाज त्यावर असतो. आणि तिकीट काढायचं असेल, तर विरजण लागायला उशीर व्हायला लागला, की लगेच काढा. नंतर महाग होतं.